परतीचे गिरगाव

मुंबईच्या जुन्या वस्त्यांचा इतिहास बहुधा येणाऱ्यांच्या बाजूने लिहिला गेला आहे. कोण कोणत्या जिल्ह्यातून आला, कोणत्या गिरणीत किंवा कचेरीत लागला आणि कोणत्या चाळीत त्याने बिऱ्हाड थाटले, याचा मागोवा अभ्यासकांनी कसोशीने घेतला. मात्र जे या वस्त्यांतून बाहेर पडले आणि तरीही पुन्हा पुन्हा तेथे येत राहिले, त्यांच्याकडे त्या मानाने दुर्लक्षच झाले. गिरगाव हे अशा परतणाऱ्यांचे सर्वांत ठळक उदाहरण होय. बोरिवली, विलेपार्ले, ठाणे, डोंबिवली येथे स्थायिक झालेली आणि तेथेच मुलेनातवंडे वाढलेली कुटुंबेही स्वतःला ‘मूळचे गिरगावकर’ म्हणवतात, गणेशचतुर्थीला आणि गुढीपाडव्याला तेथे हजेरी लावतात, घरातले लग्न ठरले की पत्रिकेसाठी कांदेवाडी गाठतात. हा सारा ओढा बालपणाच्या जिव्हाळ्याचा मानण्याची रीत आहे. जिव्हाळा खोटा नव्हे. परंतु त्याला जे नियमित, जवळजवळ प्रथेसारखे रूप आले ते घडवण्यात १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याचा आणि भाडेपावती नावाच्या कागदाच्या चिटोऱ्याचा वाटा फार मोठा आहे, आणि तो आजवर पुरेसा लक्षात घेतला गेलेला नाही.

मलबार हिलच्या पायथ्याशी समुद्रालगत पसरलेला हा भाग मुळात नारळीपोफळीच्या बागांचा. अशा बागेला वाडी किंवा भाट म्हणत, आणि बाग तुटून घरे उभी राहिली तरी नाव तेच राहिल्याने फणसवाडी, केळेवाडी, आंबेवाडी, मुगभाट, बोरभाट ही नावे आज इमारतींच्या दाटीलाच लागू होतात. पाठारे प्रभू, पाचकळशी आणि ख्रिस्ती ईस्ट इंडियन हे येथले जुने रहिवासी. त्यांपैकी ईस्ट इंडियनांची लाकडी कठड्यांची, उतरत्या छपरांची, बाहेरून जिना असलेली घरे खोताच्या वाडीत अजून थोडीफार उरली आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कापसाच्या व्यापाराने आणि सरकारी कचेऱ्यांच्या विस्ताराने मुंबईत माणूस लोटू लागला, तेव्हा वाड्यांच्या मालकांनी झाडांच्या जागी भाड्याच्या चाळी बांधल्या. रत्नागिरी, सावंतवाडी, गोवा या बाजूंनी आलेला, थोडेफार शिकलेला आणि कारकुनी, मास्तरकी किंवा छापखान्यातले काम पत्करणारा वर्ग त्यांत राहू लागला. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये स्थापन झालेल्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने, म्हणजे शहरसुधारणेसाठी नेमलेल्या विश्वस्त मंडळाने, दाट वस्तीतून सँडहर्स्ट रोडसारखे रुंद रस्ते काढले. पुढे सँडहर्स्ट रोडचा सरदार वल्लभभाई पटेल मार्ग झाला, गिरगाव रोडचा जगन्नाथ शंकरशेट मार्ग आणि क्वीन्स रोडचा महर्षी कर्वे मार्ग. टपालाच्या पत्त्यात ही नवी नावे रुळली; बोलण्यात मात्र ठाकुरद्वार, प्रार्थना समाज आणि ‘चर्च’ एवढ्या खुणांवर अवघे गिरगाव आजही सांगता येते. त्यातला प्रार्थना समाज म्हणजे १८६७ मध्ये स्थापन झालेल्या धर्मसुधारक संस्थेचे मंदिर. ज्यांचा त्या समाजाच्या विचारांशी काडीचाही संबंध नव्हता अशा हजारो लोकांनी ते नाव बस आणि ट्राम थांबण्याची जागा म्हणून आयुष्यभर उच्चारले.

चाळीतली खोली म्हणजे साधारणपणे दहा बाय बारा फुटांची एक जागा, क्वचित तिला लागून तेवढीच दुसरी. दार सामाईक गॅलरीत उघडे, खोलीच्या एका कोपऱ्यात मोरी, भिंतीला मांडणी, वर सामान ठेवायला माळा, आणि गॅलरीच्या टोकाला साऱ्या मजल्याचे मिळून दोनचार संडास. पाणी ठरावीक वेळी येई, त्यामुळे पहाटे पिंप आणि कळशा भरून ठेवणे हे घरातल्या बायकांचे दिवसातले पहिले काम असे. एका खोलीत आठदहा माणसे सहज मावत, कारण पुरुष आणि मुलगे रात्री गॅलरीत, जिन्यावर किंवा गच्चीवर पथाऱ्या टाकत. चाळीच्या आठवणींत गॅलरी नेहमी गप्पांची, पत्त्यांची आणि क्रिकेटची जागा म्हणून येते. तीच गॅलरी रात्री संडासाकडे जाणाऱ्या सुनेला झोपलेल्या पुरुषांच्या रांगेतून वाट काढायला लावणारी होती, हे त्या आठवणींत अभावानेच आढळते. वाड्या बहुतेक जातवार वसलेल्या होत्या आणि घरमालक भाडेकरू ठेवताना जात पाहत असे, हेही या ठिकाणी नोंदवले पाहिजे, कारण ज्याला येथे खोलीच मिळाली नाही त्याच्या वाट्याला परतण्याचा प्रश्नच आला नाही.

या पहिल्या पिढीच्या दृष्टीने गिरगाव हे बिऱ्हाड होते आणि घर कोकणात होते. गणपतीला, शिमग्याला, लग्नकार्याला बोटीने गावी जायचे आणि म्हातारपणी पेन्शन घेऊन तेथेच स्थिरावायचे, असा मनाशी धरलेला क्रम होता, मग तो प्रत्यक्षात किती जणांनी पाळला हे अलाहिदा. येथेच जन्मलेल्या, येथल्याच शाळांत शिकलेल्या पुढच्या पिढीने मात्र ‘गाव’ या भावनेचे सगळे सामान गिरगावात आणून ठेवले. परतण्याची सवय कोकणी माणसाच्या अंगी मुरलेली होतीच. तिचे ठिकाण तेवढे बदलले.

ते ठिकाण मुंबईतच असूनही तेथे ‘परतण्याची’ वेळ का यावी, याचे उत्तर घरांच्या अर्थकारणात आहे. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१८ मध्ये, मुंबईत भाड्यांवर प्रथम कायदेशीर बंधन आले. दुसऱ्या महायुद्धात ते पुन्हा लागू झाले आणि १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने त्याला स्थिर रूप दिले. या कायद्यानुसार १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडे आकारले जात होते ते साधारणपणे ‘प्रमाण भाडे’, म्हणजे मालकाला घेता येईल असे कमाल भाडे, ठरले. मूळ कायदा तात्पुरता होता. त्याची मुदत पुनःपुन्हा वाढवली गेली आणि दरम्यान महागाई कित्येक पटींनी चढली तरी खोलीचे भाडे काही रुपयांतच राहिले. १९९९ च्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्याने वर्षाला चार टक्के वाढीची मुभा दिली, तोवर अनेक मालकांना चाळीचा जिना दुरुस्त करण्याइतकेही उत्पन्न हाती येत नव्हते. भाडेकरूचा मृत्यू झाल्यास त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबीयाकडे भाडेहक्क जाई, परंतु पावतीवरचे नाव बदलायला मालक राजी नसे, अथवा त्यासाठी पैसे मागे; परिणामी कित्येक कुटुंबे तीस-चाळीस वर्षांपूर्वी वारलेल्या आजोबांच्या नावाची पावती महिन्याच्या महिन्याला घेत राहिली. पागडी, म्हणजे खोलीचा ताबा घेताना उघडपणे न दाखवता द्यावयाची मोठी रक्कम, १९४७ च्या कायद्याने गुन्हा ठरवली होती. तरी ती सर्रास चालली आणि अखेर १९९९ च्या कायद्याने तिला मान्यता दिली. अशा रीतीने मालकी नसलेली खोली भाडेकरूची सर्वांत मौल्यवान मालमत्ता होऊन बसली.

दुसरीकडे, स्वतःच्या मालकीच्या घराची कल्पनाही याच परिसराच्या कुशीत रुजत होती. गिरगावला लागून असलेल्या गामदेवीत श्रीपाद सुब्राव तालमकी यांच्या पुढाकाराने १९१५ मध्ये सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था उभी राहिली. सभासदांनी मिळून जमीन व इमारत यांची सामाईक मालकी घ्यायची, ही पद्धत देशात रूढ करणाऱ्या आरंभीच्या संस्थांत तिची गणना होते. स्वातंत्र्यानंतर, विशेषतः फ्लॅटच्या मालकीसंबंधीचा १९६३ चा कायदा झाल्यावर, उपनगरांत ‘ब्लॉक’ घेणे मध्यमवर्गाच्या आवाक्यात आले. ब्लॉक म्हणजे स्वतंत्र संडास-न्हाणीघर असलेले, दार लावून घेता येणारे घर, आणि ते हवे असे म्हणण्यात घरातल्या बायका बहुधा आघाडीवर असत. चर्चगेट-बोरिवली मार्ग १९२८ पासून विजेवर धावत होता. कल्याणच्या बाजूलाही गाड्या वाढल्या होत्या. धाकटा भाऊ लग्नानंतर गोरेगावला गेला, थोरल्याचे कुटुंब वाढून तेही डोंबिवलीला गेले, आणि खोलीत आईवडील उरले: हा क्रम एकेका चाळीत इतक्या वेळा घडला की तो अपवाद न राहता रीत झाला.

खोली सोडून मात्र कोणीच दिली नाही, आणि या ठिकाणी कायद्यातील एक कलम निर्णायक ठरले. भाडेकरूने वाजवी कारणाशिवाय सलग सहा महिने जागा वापरली नाही तर मालकाला ती परत मागता येत होती. हा सहा महिन्यांचा नियम गिरगावात लहानथोर सर्वांना तोंडपाठ असे. आईवडील गेल्यावर खोली टिकवायची तर तिचा वापर दिसला पाहिजे. म्हणून कॉलेजात जाणारा नातू अभ्यासासाठी तेथे राहायला पाठवला जाई, फोर्टात नोकरीला असलेला भाचा आठवड्यातले काही दिवस मुक्काम करी, कोणी ना कोणी रविवारी येऊन दार उघडे, केर काढी, देवापुढे दिवा लावी आणि शेजाऱ्यांकडे चहा घेऊन जाई. विजेचे बिल अगदी शून्यावर येऊ द्यायचे नाही, रेशनकार्ड व मतदार यादीतले नाव हलवायचे नाही, टपाल तेथेच येऊ द्यायचे, ही सारी पथ्ये काटेकोरपणे पाळली जात. मालकाने दावा लावलाच तर शेजाऱ्याची साक्ष कामाला येई, आणि ती साक्ष मिळायची तर शेजारधर्म जागता ठेवणे भाग होते. पुढे ज्याला गिरगावकरांचे आपल्या चाळीवरचे प्रेम म्हटले गेले, त्याची नियमितता अशा रीतीने न्यायालयाच्या धाकातून आली होती. यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. कोकणातल्या देवळांचे मानपानही जमिनीच्या हक्कांशी असेच बांधलेले असतात.

रविवारच्या या फेरीला वर्षातून एकदा मोठे रूप देणारा उत्सव गिरगावात आधीपासून होताच. खाडिलकर रोडवरील केशवजी नाईक चाळीत १८९३ पासून सार्वजनिक गणेशोत्सव चालू असून तो मुंबईतील सर्वांत जुना मानला जातो. लोकमान्य टिळकांनी १९०१ मध्ये या उत्सवाला भेट दिली होती. येथली मूर्ती आजही लहान असते आणि पालखीतून येते. प्रचंड मूर्तींच्या आजच्या चढाओढीत ते विशेष उठून दिसते. चाळीच्या उत्सवात वर्गणी खोलीमागे घेतली जात असल्याने वर्गणीदार हा त्या खोलीचा रहिवासी मानला जाई, मग तो झोपायला कोठेही असो. आरतीला उभे राहण्याचा, सत्यनारायणाच्या पूजेला जोडप्याने बसण्याचा, नाटकात काम करण्याचा हक्क याच वर्गणीतून येई. परगावी राहणाऱ्याला दहा दिवसांत एकदा तरी तोंड दाखवणे क्रमप्राप्त होते, आणि मुलांना तर अनंत चतुर्दशीला गिरगाव चौपाटीवर, जेथे १९२० मध्ये टिळकांवर अंत्यसंस्कार झाले आणि जेथे त्यांचा पुतळा उभा आहे, तेथपर्यंत मिरवणुकीबरोबर चालत जाण्याचे आकर्षण असे. नववर्षाच्या शोभायात्रेची प्रथा मात्र उलट दिशेने आली: पाडव्याची ही यात्रा डोंबिवलीत १९९९ मध्ये सुरू झाली आणि तेथून इतरत्र पसरली, गिरगावच्या यात्रेने पुढे एवढे नाव काढले की फेटे बांधून मोटारसायकलवर निघणाऱ्या स्त्रियांची छायाचित्रे दरवर्षी वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावर येऊ लागली.

परतणारा चाळीखेरीज आणखी कोठे जाई, हे पाहिले तर कोणती ठिकाणे टिकली आणि कोणती नाहीशी झाली यात एक निश्चित सूत्र सापडते. देवळे, शाळा आणि ग्रंथालये टिकली, कारण त्यांची मालकी विश्वस्त संस्थांकडे होती. १९३५ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई मराठी साहित्य संघाचे केळेवाडीतले नाट्यगृह त्याच कारणाने जागेवर राहिले. चित्रपटगृहांचे तसे झाले नाही. ज्या कॉरोनेशन थिएटरात मे १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला ते कधीच गेले, आणि ज्या मॅजेस्टिकमध्ये १४ मार्च १९३१ रोजी ‘आलम आरा’ हा पहिला भारतीय बोलपट झळकला त्याच्या जागी बाजारपेठेची इमारत झाली. त्याच्या नावाचे पुस्तकांचे दुकान आणि त्यातून निघालेली प्रकाशनसंस्था मात्र मराठी वाचकाच्या तोंडी राहिली. खटाववाडीत ‘मौज’ आणि ‘सत्यकथा’ यांचा छापखाना होता. नव्या लेखकाला तेथला जिना चढताना धडकी भरत असे, आणि त्याच जागेसमोर १९६९ मध्ये लघुनियतकालिकांच्या बंडखोर लेखकांनी ‘सत्यकथे’चा अंक जाळला. १९८२ मध्ये मासिक बंद पडल्यावर तो जिना चढण्याचे कारणही उरले नाही.

खानावळींविषयी थोडे अधिक सांगितले पाहिजे, कारण गिरगावच्या आठवणींत सर्वांत जास्त हळहळ त्यांच्यासाठी व्यक्त होते. खानावळ म्हणजे महिन्याचे पैसे भरून दोन वेळ जेवण्याची सोय, आणि तिचा आधार होता बायकामुले गावी ठेवून मुंबईत एकटा राहणारा नोकरदार. खोताच्या वाडीतील अनंताश्रमसारख्या ठिकाणी गोव्याकडच्या पद्धतीचे माशाचे कालवण, भात आणि सोलकढी एवढ्यावर संगमरवरी टेबलांशी गर्दी होई. जेवण झाल्यावर रेंगाळणाऱ्याला उठवायला कोणाची भीड पडत नसे, कारण मागे रांग उभी असे. पन्नाशी-साठीच्या दशकांत कुटुंबे मुंबईत आली, पुढे ती उपनगरांत गेली, आणि कचेऱ्याही वांद्रे-कुर्ला आणि अंधेरीकडे सरकल्या. एकटा पुरुष नाहीसा झाला तेव्हाच खानावळीचा पाया ढासळला होता. लोकांची चव बदलली, उडुप्यांनी आणि नंतर पिझ्झावाल्यांनी तिला मारले, ही नेहमीची तक्रार म्हणून फारशी पटत नाही. याउलट मिसळ, साबुदाणा वडा, थालीपीठ आणि पीयूष देणारी मराठी उपाहारगृहे पुष्कळ काळ तगली, कारण त्यांना रोजच्या गिऱ्हाइकाबरोबरच सणासुदीला मुलाबाळांसह येणाऱ्या जुन्या गिरगावकराचाही आधार होता. त्याच्या एका दिवसाच्या भुकेवर दुकान चालू शकते. दोन वेळच्या जेवणाची खानावळ चालत नाही.

चाळीबद्दलची हुरहुर चाळी पडण्याच्या कितीतरी आधीची आहे, हेही ध्यानात घेण्यासारखे आहे. पु. ल. देशपांडे यांचे ‘बटाट्याची चाळ’ १९५८ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि विनोदाने भरलेल्या त्या पुस्तकाचा शेवट चाळ संपल्याच्या खंतावलेल्या चिंतनाने होतो. त्या वेळी गिरगावातल्या चाळी माणसांनी ओसंडत होत्या. संपत चालली होती ती, एकाच खोलीत तीन पिढ्यांनी राहावे लागते, ही सक्ती. आणि ज्याला त्या सक्तीतून सुटका मिळाली त्यालाच तिच्याकडे प्रेमाने पाहण्याची सवड मिळाली.

चाळी खरोखर पडू लागल्या त्या साठीच्या दशकात. भाडे गोठलेले, दुरुस्ती थांबलेली, आणि पावसाळ्यात एखादी इमारत कोसळून माणसे दगावलेली, अशी परिस्थिती वारंवार उद्भवू लागल्यावर १९६९ मध्ये इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाचा कायदा झाला. मालक व भाडेकरू यांच्याकडून उपकर घेऊन शासनाने जुन्या इमारतींची डागडुजी करावी, अशी ती योजना होती. म्हणून अशा इमारतींना ‘उपकरप्राप्त’ म्हणतात. त्या वेळी मुंबई शहरात त्या साडेएकोणीस हजारांहून अधिक होत्या, आणि १ सप्टेंबर १९४० पूर्वी बांधलेल्या इमारतींचा ‘अ’ वर्ग त्यांत सर्वांत मोठा होता. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ३३(७) या नियमाने विकासकाला जादा चटईक्षेत्र, म्हणजे भूखंडावर अधिक बांधकाम करण्याची परवानगी, देऊ केले आणि त्या बदल्यात जुन्या भाडेकरूंना त्याच जागी मालकीची घरे विनामूल्य देण्याचे बंधन घातले. आज किमान क्षेत्र ३०० चौरस फूट आहे. सहा महिन्यांच्या नियमाला घाबरून ज्यांनी खोली जपली त्यांच्या नातवंडांना या नियमाने अचानक दक्षिण मुंबईत फ्लॅट मिळवून दिला, आणि त्यांपैकी पुष्कळांनी तो विकून टाकला. २००१ ते २०११ या दशकात गिरगावचा काही भाग ज्यात मोडतो त्या महापालिकेच्या सी विभागाची लोकसंख्या सुमारे दोन लाखांवरून १ लाख ६६ हजारांवर आली. भुयारी मेट्रोच्या तिसऱ्या मार्गिकेसाठी गिरगाव आणि काळबादेवीतल्या आणखी काही इमारती पाडाव्या लागल्या. ऑक्टोबर २०२५ मध्ये तो मार्ग पूर्ण खुला झाल्यापासून विमानतळावरून निघालेला माणूस जमिनीखालून थेट गिरगावात येऊ शकतो, आणि वर आल्यावर ओळखीची इमारत जागेवर नाही हे त्याला प्रथमच कळते.

या सगळ्यांत ज्यांची परत येण्याची वाट सर्वांत लांब झाली ते मात्र आपखुशीने गेलेले नव्हते. इमारत धोकादायक ठरल्यामुळे किंवा कोसळल्यामुळे ज्यांना हलवले गेले त्यांना ‘संक्रमण शिबिरां’त, म्हणजे मूळ जागी नवे घर होईपर्यंतच्या तात्पुरत्या निवाऱ्यांत, ठेवले जाते. यांतली अनेक शिबिरे उपनगरांत आहेत आणि त्यांतला मुक्काम कित्येक कुटुंबांच्या बाबतीत दशकानुदशके लांबला आहे. भूखंड अरुंद असल्याने, रस्त्याच्या आखणीत गेल्याने किंवा अन्य कारणाने ज्यांची इमारत पुन्हा बांधताच येत नाही, अशा भाडेकरूंसाठी म्हाडा, म्हणजे राज्याचे गृहनिर्माण प्राधिकरण, ‘बृहतसूची’ ठेवते. तिच्यात नाव लागण्यासाठी मूळ खोलीची भाडेपावती, जुने रेशनकार्ड, मतदार यादीचा उतारा आणि, मूळ भाडेकरू हयात नसल्यास, वारसाचे कागद दाखवावे लागतात. पावती आजोबांच्या नावाची असेल तर मधल्या दोन पिढ्यांचे नाते सिद्ध करावे लागते. पात्रता ठरल्यावर जे घर मिळते ते इतर पुनर्विकसित इमारतींतून मंडळाच्या वाट्याला आलेल्या घरांपैकी असते, आणि ते गिरगावातच असेल अशी हमी त्या सूचीत नाही.